पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत

त्या गल्लीत वाढलेली माणसं आजही ओळखू येतात. त्यांना निरोप सांगितला की ती लगेच उठून चालू लागत नाहीत. आधी तो जसाच्या तसा म्हणून दाखवतात, मग जातात. आणि परत आल्यावर ‘हो म्हणाले’ एवढ्यावर कुणाची बोळवण करत नाहीत. काय म्हणाले, कसं म्हणाले, म्हणताना हातात काय होतं, सगळं सांगतात. त्या घरांत लग्न होऊन आलेल्या सुनांना सुरुवातीला याचा फार वैताग येतो. पण करणार काय, घरातला जो तो बाईंच्या हाताखालून गेलेला.

बाईंची बालवाडी म्हणजे त्यांच्या घराची पुढची खोली. खिडकीशी फळा, भिंतीला टेकवून ठेवलेल्या चटया, आणि दाराशी चपलांचा ढीग. त्या ढिगातून रोज कुणी ना कुणी दुसऱ्याची चप्पल घालून घरी जायचं. मागच्या खोलीत बाईंच्या नवऱ्याचं शिवणकाम चाले. पोरं त्यांना मशीनकाका म्हणायची, तेव्हा आपणही तेच म्हणू. दोन्ही खोल्यांच्या मधे एक चिंचोळा बोळ होता आणि बोळाला गल्लीत उघडणारं एक दार. दिवसासुद्धा तिथे उजेड बेताचाच. पण गल्लीतल्या दोन पिढ्यांची जीभ त्या बोळात सुटली असं म्हटलं, तर ते वाढवून सांगितल्यासारखं होणार नाही.

आधी बाई एका मोठ्या शाळेत नोकरीला होत्या. तिथे शिशुवर्गात पाऊल टाकलं की पहिला धडा एकच, हाताची घडी, तोंडावर बोट. बाईंनी तो वर्षभर इमानेइतबारे शिकवला. मग एका सकाळी वर्गाच्या दारात उभं असताना त्यांना ती सगळी बोटं एकदम दिसली आणि त्यांचं डोकं फिरलं. पोराला बोलता यावं, पुढे वाचता यावं म्हणून आईबाप त्याला इथे आणून सोडतात, आणि आपण आल्या आल्या त्याच्या तोंडाला कुलूप लावतो. मुख्याध्यापकांशी त्यांचं वाजलं. बाईंचा स्वभाव म्हणजे एक घाव दोन तुकडे. राजीनामा देऊन त्या घरी आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या की पुढची खोली मला लागणार. मशीनकाकांनी गिऱ्हाइकांना बसायचं बाकडं उचलून मागे नेलं आणि एवढंच विचारलं, “फळा कुठे ठोकू?”

गोष्ट सांगताना बाई चुकायच्या. चुकून नव्हे, ठरवून. मांजर दारात आलं आणि म्हणालं, भू भू. आजोबांनी डोक्यावर बूट चढवले, पायात टोपी घातली आणि निघाले फिरायला. की सगळी चटई उसळायची. बाई चुकल्या, बाई चुकल्या. पण बाई अशा ऐकताहेत थोड्याच. त्या भोळा चेहरा करून विचारायच्या की का बरं, मांजराने भुंकू नये असं कुठे आहे? मी खरंच सांगते, मी पाहिलंय. मग पोरांची पंचाईत. नुसत्या ‘नाही’वर भागायचं नाही. ‘कारण’ म्हणावं लागायचं, ‘म्हणून’ म्हणावं लागायचं, एकदा ‘जर’ म्हटलं की ‘तर’ शोधत बसावं लागायचं. आलं तेव्हा ज्याच्या तोंडातून ‘पाणी’ आणि ‘आई’ यांपलीकडे काही निघत नसे, ते पोर थंडी पडेपर्यंत मांजराची वकिली करायला लागे. मोठ्या माणसाची चूक काढायला मिळते म्हटल्यावर कुठलं पोर गप्प बसेल? आपण तरी बसतो का?

पालकांना हे सगळं पचायला जड जायचं. एक वडील तक्रार घेऊन आले की मुलगी आता येता-जाता सगळ्यांच्या चुका काढते, परवा साहेबांसमोर माझी काढली. बाईंनी विचारलं, चूक होती का? वडील म्हणाले, होती. मग झालं तर, बाई म्हणाल्या आणि त्यांना दारापर्यंत सोडून आल्या. काहींना तीन वर्षांच्या पोराची भरलेली वही हवी असायची. शेजारच्या गल्लीत म्हणे मुलं पान पान अक्षरं घोटतात. बाई त्यांना म्हणायच्या, “आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आधी तोंड भरू द्या, मग वही भरेल.” तोवर लिहिण्याचं काम बाईच करायच्या. पोर काही झकास बोललं की ते त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहायच्या आणि खालून बोट फिरवत वाचून दाखवायच्या. आपण बोललो ते तिथे जाऊन बसलंय आणि बोट लावलं की पुन्हा तेच बोलतंय, याचं नवल पोरांना कधी पुरं व्हायचं नाही. संध्याकाळी आईला ओढत आणून ती आपलं वाक्य दाखवायची.

आणि मग निरोप. बाई एखाद्या पोराला उभं करून सांगायच्या, मशीनकाकांना सांग, फळा पुसायचं फडकं फाटलंय, एक जाड तुकडा द्या. पोर ते म्हणून दाखवायचं आणि बोळातून मागच्या खोलीत जायचं. मशीनकाका पायडल थांबवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि गंभीरपणे विचारायचे की तुकडा कसला? सुती की लोकरी? केवढा, हाताएवढा की पाठीएवढा? झालं. पोर पुन्हा बोळातून पुढे, उत्तर घेऊन पुन्हा मागे. फडक्याएवढ्या चिंधीपायी अख्खी सकाळ जायची. वाटेत शब्द सांडला तर तो शोधायला परत यावं लागायचं. गिऱ्हाइकांच्या बाह्या तशाच लटकत राहायच्या. शिंप्यांचे वायदे तसेही प्रसिद्ध, पण इथे कपडे टाकायचे म्हणजे पोरं मोठ्या शाळेत जाईपर्यंत थांबायचं, असं गिऱ्हाइकं म्हणायची. म्हणायची आणि तिथेच टाकायची.

खरं तर मशीनकाका फार कमी बोलणारे. गिऱ्हाइकाशी बोलणं गळा असा की तसा, एवढंच. बाई कुरकुरायच्या की माझ्या वाट्याला दिवसाचे चार शब्द, पोरांना मात्र पोत्याने. कपड्यांना टाचलेल्या चिठ्ठ्या ते पोरांना वाचून दाखवायचे. गल्लीतल्या कितीतरी मुलांनी आयुष्यात पहिला वाचलेला शब्द कुठल्या पुस्तकातला नाही, ‘घाई’ हा आहे. कारण ती चिठ्ठी निम्म्या कपड्यांवर असायची.

या निरोपांचा आणखी एक उपयोग होता, तो पोरांना माहीत नव्हता. नवरा-बायको म्हटलं की भांड्याला भांडं लागणारच. लागलं की दोघं सारखीच हट्टी, बोलणं बंद. पण सकाळ झाली की पोरं यायची आणि अबोला टिकायचा नाही. मशीनकाकांना सांग, आज दुपारी पाऊस येईल असं दिसतंय, बाहेरचे कपडे आत घ्या. पोर परत येऊन सांगायचं, घेतले म्हणाले, आणि बाईंची छत्री दारामागे आहे म्हणाले. की बाईंच्या चेहऱ्यावरची इस्त्री मोडायची. समोरासमोर जे एकमेकांना म्हणता आलं नाही, ते त्या दोघांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांच्या तोंडून म्हणून घेतलं.

अशी वर्षं गेली. बाईंचे केस पांढरे झाले, मशीनकाकांचा चष्मा जाड झाला. मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला लागला, तिथेच स्थिरावला आणि फोनवर म्हणू लागला की आता पुरे, तुम्ही दोघं इकडे या. बाई हसण्यावारी न्यायच्या. पण एका संध्याकाळी मशीनकाकाच म्हणाले, “अगं, आता बंद करू या का? पोरांचं मला झेपत नाही.”

बाईंना ते फार लागलं. हल्ली त्यांच्याही लक्षात आलं होतं की मशीनकाका पोरांना एकच गोष्ट दोन-दोनदा विचारतात, कधी विचारलं एक आणि उत्तर भलतंच पाठवतात. त्यांना वाटलं, माणसाचा जीव उडालाय यातून. त्या फणकाऱ्याने म्हणाल्या की माझी पोरं तुम्हाला जड झाली असं सरळ सांगा की. मशीनकाका उठून मागच्या खोलीत गेले. बाईंनीही तोंड फिरवलं. या खेपेचा अबोला मात्र चिवट निघाला. सकाळी पोरं आली तरी बाईंनी मागच्या खोलीत निरोपच धाडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

मग एका सकाळी बाईंच्याने राहवेना. त्यांनी टकळीला जवळ बोलावलं. टकळी म्हणजे जिचं तोंड डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंत चालू असायचं अशी पाच वर्षांची पोरगी. हे नाव तिला मशीनकाकांनीच दिलेलं. बाईंनी तिला हळूच सांगितलं, मशीनकाकांना सांग, बाई विचारतात, खरंच बंद करायचं का? टकळीने म्हणून दाखवलं आणि ती बोळात गेली. मागे मशीन थांबल्याचं बाईंना ऐकू आलं. ते बराच वेळ थांबलेलं होतं. मग पुन्हा सुरू झालं. टकळी मात्र आली नाही. बाईंनी बोळात डोकावलं तर गल्लीकडचं दार उघडं. एक पोर म्हणालं, तिची आई आली होती, घेऊन गेली.

चार पावलं टाकून मागच्या खोलीत जाणं काही अवघड नव्हतं. बाई गेल्या नाहीत. उत्तर द्यायचंच असतं तर दुसऱ्या पोराबरोबर दिलं असतं, असा त्यांनी अर्थ लावला. दुपारी दोघं जेवायला बसली. मशीनकाकांनी मान वर करून बाईंकडे पाहिलं. थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं. बाईंनी त्यांच्या ताटात भाजी वाढली, पण शब्द काढला नाही. मशीनकाका पाणी पिऊन उठले, मागे गेले आणि मशीन चालू झालं. बाई भांडी आवरत होत्या. मशीनचा आवाज शिवणीच्या मधेच थांबला आणि पुन्हा सुरू झाला नाही.

पुढचे दिवस बाईंना नीटसे आठवत नाहीत. माणसं आली, माणसं गेली. मुलगा आला, जाताना म्हणाला की आई, इथे एकटी राहून काय करणार, चल. बाईंनी होकाराची मान हलवली. त्याच्या बाबांचंही म्हणणं तेच होतं, आणि त्यांचं शेवटचं बोलणं तेच ठरलं होतं. त्याच्याविरुद्ध जायचं आता बाईंच्या जिवावर आलं होतं. फक्त पोरांना मी स्वतः सांगेन, मग वर्ग बंद करेन, असं त्यांनी मुलाला बजावलं. गल्लीतल्या आयांनी पोरांना मशीनकाका गावाला गेलेत असं सांगून ठेवलं होतं, ते बाईंना पटलं नव्हतं. मुलांशी खोटं खेळावं, मुलांना खोटं सांगू नये, हे त्या आयुष्यभर सांगत आल्या होत्या.

तेव्हा त्यांनी सगळ्यांना बोलावलं. पोरं चपलांचा ढीग करून आत आली, चटयांवर बसली. बाई नेहमीच्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, “मशीनकाका वारले. ते आता परत येणार नाहीत.”

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मग कुणीतरी खुदकन हसलं. “बाई चुकल्या,” एक पोर म्हणालं, आणि सगळी चटई उसळली. बाई चुकल्या, बाई चुकल्या. मशीनकाका गावाला गेलेत. मशीनकाका येणार, माझा शर्ट शिवायचाय त्यांना. बाई म्हणाल्या की नाही रे, मी खरंच सांगते. पण ते तर त्या मांजराच्या बाबतीतही म्हणायच्या. पोरं आणखीच खुशीत आली. त्या क्षणी बाईंना कळलं की आपण इतकी वर्षं खोट्याचा खेळ मांडला, आणि खेळ संपला हे सांगायची खूण काही ठेवली नाही. आवाज तोच, खुर्ची तीच. आता यांना खरं सांगायचं तरी कसं, हे त्यांना सुचेना.

तेवढ्यात टकळी उठून उभी राहिली. हात मागे बांधून तिने आपलं म्हणणं मांडलं. “बाई, मशीनकाका जाऊच शकत नाहीत, कारण त्यांनी माझ्याजवळ तुमच्यासाठी निरोप दिलाय आणि तो अजून माझ्याकडेच आहे. निरोप पोचला की नाही हे कळल्याशिवाय ते कसे जातील?”

एरवी असं वाक्य ऐकायला बाईंनी जीव टाकला असता, फळा पुसून ते वरच्या बाजूला लिहिलं असतं. आता कसला निरोप, एवढंच त्यांनी विचारलं. टकळी म्हणाली, असा सगळ्यांसमोर सांगायचा नाही, फक्त बाईंच्या कानात सांगायचा असं ठरलंय. त्या दिवशी ती निरोप घेऊन येतच होती, पण आई बोळाच्या दारात उभी, दाताच्या डॉक्टरांकडे जायची घाई. माझ्याकडे निरोप आहे म्हणून ती रडली, तर आई म्हणाली उद्या सांग. आणि उद्या बालवाडीच नव्हती. तेव्हापासून रोज अंघोळ करताना ती तो मनात म्हणत होती, म्हणजे सांडायचा नाही.

ती खुर्चीजवळ आली, बाईंच्या कानाशी तिने हाताची ओंजळ धरली आणि मशीनकाकांच्याच संथ सुरात बोलली.

“बाईंना सांग, बंद नाही करायचं. मला डाव्या कानाने ऐकू येईनासं झालंय. पोरं काय बोलतात ते कळत नाही, आणि सांगायची लाज वाटली, म्हणून तसं म्हटलं. यापुढे निरोप आणणाऱ्याने मशीनच्या उजवीकडे उभं राहायचं, एवढं पोरांना शिकवा म्हणावं. आणि आज जेवताना माझ्याशी बोला म्हणावं.” मग श्वास घेऊन ती म्हणाली, “हे बोलताना त्यांच्या हातात निळ्या शर्टाची बाही होती.”

बाईंना ताटावरून वर झालेली ती मान आठवली. एकदा, आणि पुन्हा एकदा. मशीनकाकांनी उत्तर धाडलं होतं, ते पोचलंय असं समजून वाट बघत बसले होते, आणि आपण भाजी वाढून गप्प राहिलो. समाचाराला आलेल्या इतक्या माणसांपुढे न रडलेल्या बाई त्या चटईभर पोरांपुढे ढसाढसा रडल्या. पदर तोंडाला लावूनसुद्धा त्यांना आवाज आवरेना. बाई चुकल्या असं आता कुणी म्हटलं नाही. एकेक पोर आपल्या जागी खाली बसलं.

टकळी तेवढी उभीच होती. निरोप पोचवला की उत्तर घेतल्याशिवाय हलायचं नाही, हे तिला बाईंनीच शिकवलेलं. जरा वेळाने तिने विचारलं, “त्यांना काय सांगू?”

बाईंनी डोळे पुसले. मुलाला काय कबूल केलंय ते त्यांना आठवलं, आणि त्यांनी ते बाजूला सारलं. “सांग, निरोप पोचला. उशिरा पोचला. वर्ग बंद होत नाही.”

टकळीने ते जसंच्या तसं म्हणून दाखवलं आणि ती बोळात शिरली. पोरं माना लांब करून बघत होती. मागच्या खोलीतून तिचा आवाज आला, थांबला, मग तेच शब्द पुन्हा जरा मोठ्याने आले. त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही. ती परत आली तेव्हा हळूहळू चालत आली, फळ्याजवळ उभी राहिली आणि बोलली. एरवी तिचे शब्द एकमेकांवर आदळत यायचे. आज ती एकेक सांगत होती.

“मी उजवीकडे उभी राहून सांगितलं. दोनदा सांगितलं. मशीनवर चादर घातलीय, ती मी वर करून बघितली. खाली निळी बाही तशीच आहे, सुई तिच्यातच आहे. स्टुलावर कुणी नाही.”

मग ती बाकीच्या पोरांकडे वळली. “बाई चुकल्या नाहीत,” तिने त्यांना सांगितलं आणि ती चटईवर आपल्या जागी जाऊन बसली.